रक्ताचा कर्करोग : दाता मिळेपर्यंतचे दिवस

गावात कुणाला ब्लड कॅन्सर निघाला की पारावर दोनच प्रश्न होतात. मुंबईला नेलं का, आणि खर्च किती सांगितला? त्यानंतरचा काळ मात्र कुणाच्या बोलण्यात येत नाही. केमोथेरपी झालेली असते, रोग दबलेला असतो; पण तो पुन्हा उलटू नये म्हणून डॉक्टरांनी बोन मॅरो बदलायला सांगितलेला असतो आणि ज्याचा मॅरो चालेल असा माणूस सापडलेला नसतो. घरातली माणसे दवाखान्याच्या फोनकडे कान लावून आठवडे, कधी महिने काढतात. तुमच्या भावकीत, गल्लीत असे घर असेल तर पुढचे चार शब्द तुमच्यासाठी आहेत.

रक्तगट जुळून भागत नाही

हाडांच्या पोकळीतला मगज म्हणजे बोन मॅरो. आपले रक्त तिथे तयार होते. ल्युकेमियात या मगजातच बिघडलेल्या पेशी तणासारख्या माजतात आणि चांगल्या पेशींना जागा उरत नाही. पुष्कळ रुग्णांचे, विशेषतः लहान मुलांचे, केमोवरच भागते. सीएमएल या सावकाश वाढणाऱ्या प्रकारावर २००१ पासून गोळ्या आल्या. त्यातल्या बहुतेकांना आता मॅरो बदलावा लागत नाही. ज्यांचा रोग चिवट आहे, त्यांचा जुना मॅरो जबर औषधांनी संपवून दात्याच्या पेशी शिरेतून, रक्त चढवतात तशा, सोडतात. आपल्या देशात हा उपचार पहिल्यांदा मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली झाला.

यासाठी पेशींवरच्या एचएलए नावाच्या खुणा जुळाव्या लागतात. त्या निम्म्या आईकडून आणि निम्म्या वडिलांकडून येतात. त्यामुळे सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. दोन भावंडे असली तरी निम्म्याहून जास्त घरांत कुणाचाच जुळत नाही. "सख्खा भाऊ असून कसा जुळंना?" असे म्हणून कुणी त्या पोराला बोल लावू नये. आई-वडील किंवा मुले यांचा निम्मा जुळणारा मॅरो वापरण्याची पद्धत अलीकडच्या वर्षांत रुळली आहे. ती आपल्या रुग्णाला चालेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

घरातली पथ्ये

दाता मिळाला त्या दिवशी रुग्ण धडधाकट हवा. जंतुसंसर्गाने खचलेल्या शरीराला पुढची औषधे झेपत नाहीत. म्हणून हे दिवस नुसते बसून काढायचे नाहीत, रुग्णाला जपायचे आहे.

शेतकऱ्याच्या घरात हे अवघड असते. ओलसर कडबा, भुसा, शेणखत, जुन्या धान्याचे पोते यांत बुरशी असते. तुम्हाआम्हाला ती काही करत नाही, पण पांढऱ्या पेशी कमी असलेल्याच्या फुफ्फुसात ती घर करते. तेव्हा गोठा, मळणी, उकिरडा त्याला वर्ज्य. पाणी उकळून, दूध उकळून, जेवण ताजे आणि गरम. कच्ची कोशिंबीर, उघड्यावरचा उसाचा रस, जत्रेतली भेळ नको. अंगारा आणलात तर देवापुढे ठेवा, तोंडात घालू नका.

अंगात ताप १००.४ अंशांवर गेला तर तो नेहमीचा ताप समजायचा नाही. रात्री दोन वाजता आला तरी त्याच वेळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावायचा आणि निघायचे. गावात दंडावर, कमरेवर सुई मारून घेऊ नका; प्लेटलेट कमी असतील तर आत रक्त साकळते. अॅस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने देऊ नका. प्रत्येक तपासणीचे आकडे एका वहीत तारखेनिशी लिहा. मुंबईत डॉक्टर बदलले तरी वही बोलते.

रक्त देताना

गावचे तरुण एका दिवसात शिबिर घेऊन पन्नास बाटल्या देतात. भावना मोठी, पण प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात. त्यापेक्षा आठवड्याला दोघे-तिघे अशी पाळी लावा. आणि एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. ज्यांच्या मॅरोची तपासणी व्हायची आहे अशा जवळच्या नातेवाइकांचे रक्त डॉक्टरांना विचारल्याशिवाय रुग्णाला देऊ नका. त्याचे शरीर त्या रक्ताविरुद्ध तयार झाले तर पुढे त्याच माणसाचा मॅरो नाकारण्याचा धोका वाढतो.

भेटायला जाल तेव्हा

हा रोग त्याच्यापासून तुम्हाला लागत नाही. तुमचा सर्दी-खोकला मात्र त्याला लागतो. तेव्हा त्याचे ताट वेगळे ठेवण्यापेक्षा स्वतःचे हात धुवा आणि नाक वाहत असेल तर जाऊच नका. "अमक्याचा पोरगा याच दुखण्यानं गेला" हे त्याच्यासमोर उगाळू नका. केस गेले, तोंडाला मास्क आला, तरी तो तोच माणूस आहे. अंगात बळ असेल त्या दिवशी त्याला कॉलेजचा अभ्यास करू द्या, घरचा जमाखर्च लिहू द्या, अंगणात फिरू द्या.

जमीन विकण्याआधी

खर्च लाखांत जातो. पण सातबारा घेऊन बाजारात उभे राहण्याआधी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान सहायता निधी, धर्मादाय रुग्णालयांतल्या निर्धनांसाठी राखीव दहा टक्के खाटा, असे मार्ग आहेत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड तयार ठेवा. लातूर एक्स्प्रेसने रात्र काढून मुंबईला जाणाऱ्यांना ठाऊक असावे, की कॅन्सरच्या रुग्णाला आणि एका सोबत्याला रेल्वेच्या तिकिटात सवलत असते आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत अशा कुटुंबांची सोय होते.

तरुणांनो, तुमचे काम

जगभरात चार कोटींहून अधिक लोकांनी मॅरोदाते म्हणून नावे नोंदवली आहेत. त्यात आपल्या देशातले फार थोडे, आणि खेड्यातले त्याहून थोडे. एचएलएच्या खुणा वंशपरंपरेने येतात, त्यामुळे आपल्या माणसाचा जोड आपल्याच मुलखात सापडण्याचा संभव अधिक. नाव नोंदवायला गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना देतात, बस्स. साधारण अठरा ते पन्नास वयाचा निरोगी माणूस चालतो. २००९ साली चेन्नईत सुरू झालेली 'दात्री' यासारख्या संस्था हे काम करतात.

पुढे कधी जुळलाच, तर चार-पाच दिवस इंजेक्शने घेऊन बहुधा हातातल्या शिरेतूनच, काही तासांत पेशी काढतात. त्या दिवसांत हाडे ठणकतात, मग थांबतात. काढलेल्या पेशी शरीर काही आठवड्यांत भरून काढते. नांगर धरायची ताकद जात नाही, मूलबाळ होण्यालाही त्याने बाधा येत नाही.

पण नाव देण्याआधी आईशी, बायकोशी बोला. रुग्णाचा जुना मॅरो औषधांनी संपवल्यानंतर दात्याने घरच्यांच्या भीतीने माघार घेतली, तर रुग्णाच्या अंगात रक्त तयार करणारे काहीच उरलेले नसते. त्यामुळे नाही म्हणायचे असेल तर नोंदणीच्या दिवशीच म्हणा, कुणी तुम्हाला दोष देणार नाही. हो म्हणालात, तर फोन येईल त्या दिवशी पेरणी असो की लग्नसराई, निघा.