नकाशातला माळ, पायांखालचा माळ

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तरेला पूर्व-पश्चिम पसरलेल्या सातमाळा-अजिंठा डोंगररांगेची ओळख बहुतेकांच्या मनात वेरूळ आणि अजिंठा या दोन लेण्यांपाशी थांबते. परंतु ज्या खडकाच्या पोटात ही लेणी कोरली गेली, त्याच खडकाच्या माथ्यावर, खुलताबाद तालुक्यातील म्हैसमाळपासून कन्नड आणि सोयगावपर्यंत, गवताचे आणि खुरट्या झुडपांचे जे विस्तीर्ण माळ आहेत, ते स्वतंत्रपणे पाहण्याजोगे व अभ्यासण्याजोगे आहेत. इंग्लंडमधील डार्टमूर या अशाच उघड्या, वृक्षविरळ पठाराला १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तेथील ओली, आम्लधर्मी जमीन आणि ग्रॅनाइटचा पाया यांचे मराठवाड्याच्या कोरड्या बेसाल्टशी साम्य नाही. साम्य आहे ते एवढेच, की झाडे नसलेली जमीन म्हणजे निकामी जमीन हा समज दोन्हीकडे खोटा ठरतो.

या माळांचे रूप समजण्यासाठी खडकापासून सुरुवात करावी लागते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आलेला लाव्हा एकावर एक थरांनी पसरला आणि थिजला. त्यातील कठीण थर टिकले, मऊ थर झिजले आणि त्यातून पायऱ्यांसारखे उतार व सपाट माथे असलेले डोंगर घडले. माथ्यावर मातीचा थर पातळ, त्याखाली मुरूम म्हणजे झिजून भुसभुशीत झालेला खडक आणि त्याखाली कातळ. पाऊस साधारण ७०० मिलिमीटर आणि तोही चार महिन्यांतच येणारा. अशा जागी खोल मुळांच्या मोठ्या वृक्षापेक्षा गवत अधिक तग धरते, तर माती साठणाऱ्या घळींमध्ये साग, धावडा आणि सालई यांचे पानझडी जंगल वाढते. शतकानुशतकांची चराई, गवतकापणी आणि वणवे यांचाही या रूपात वाटा आहे; पण केवळ माणसाने जंगल तोडले म्हणून माळ उरला, असे सरसकट म्हणता येत नाही. हीच रांग गोदावरी आणि तापी या दोन खोऱ्यांमधील जलविभाजक आहे, म्हणजे येथील एका कड्यावर पडलेला पाऊस शिवना किंवा गिरिजेवाटे गोदावरीला आणि पलीकडच्या उतारावरचा वाघूरसारख्या नदीतून तापीला मिळतो.

या प्रदेशाची पहिली फेरी आज घरबसल्या करता येते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकपद्धतीत संभाजीनगर शहराचा परिसर ‘४७ एम’ या चौकोनात, तर कन्नडचा परिसर ‘४६ पी’मध्ये येतो, आणि प्रत्येक चौकोनाचे १ : ५०,००० प्रमाणाचे १६ नकाशे असतात, ज्यांवर समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने आखलेल्या असतात. रेषा एकमेकींना चिकटल्या की तेथे कडा आहे आणि त्या अचानक विरळ झाल्या की तेथे माळ सुरू होतो, एवढे वाचता आले तरी म्हैसमाळचा माथा कागदावर उभा राहतो. सर्वेक्षण विभागाने २०१७ पासून असे नकाशे संकेतस्थळावर नागरिकांना विनामूल्य खुले केले आहेत. ‘इस्रो’चे ‘भुवन’ हे संकेतस्थळ २००९ पासून उपलब्ध आहे. आणि २०१५ पासून अवकाशात असलेल्या युरोपीय ‘सेंटिनेल-२’ उपग्रहमालिकेची १० मीटर तपशिलाची, दर काही दिवसांनी नवी होणारी चित्रेही कोणालाही पाहता येतात.

मात्र याच चित्रांनी माळांचे नुकसानही केले आहे. वनस्पती जिवंत आणि हिरवी असेल तर ती तांबडा प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवते. या दोहोंच्या फरकावरून उपग्रह हिरवाईचा निर्देशांक काढतो. मे महिन्यात सुकलेले गवत, नांगरलेले शेत आणि उघडा कातळ यांचा निर्देशांक जवळजवळ सारखाच येतो, आणि तेवढ्यावर विसंबणारा माणूस तिन्हींना ओसाड ठरवतो. महसुली दप्तरातील ‘पडीक’ ही जुनी नोंद आणि देशाच्या पडीक जमिनींचे सरकारी नकाशासंग्रह यांनी हा समज पक्का केला. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारताच्या निमशुष्क भागांतील अशा नैसर्गिक खुल्या परिसंस्थांचा, म्हणजे गवताळ व झुडपी प्रदेशांचा, विस्तार सुमारे तीन लाख चौरस किलोमीटर असल्याचे दाखवले, आणि त्यातील जेमतेम पाच टक्के भाग संरक्षित क्षेत्रांत येतो. उपग्रहचित्रे एका दिवसाची न घेता वर्षभराची वाचली, तर तेच साधन माळाच्या बाजूने साक्ष देते, हे या कामाचे मोठे महत्त्व आहे.

उपग्रहाला जे दिसत नाही ते पाहण्यासाठी मात्र चालावेच लागते. कुसळी, पवन्या आणि मारवेल ही गवते वरून एकाच रंगाची दिसतात. जवळ गेल्यावर कुसळीचे बी कपड्यांत रुतते, आणि तिखाडी हे गवत चुरगळले की त्याच्या तेलाचा तीव्र वास येतो. श्रावण-भाद्रपदात ओल्या कातळालगत तेरडा व सोनकी फुलतात. हिवाळ्यात मध्य आशियातून आलेले भोवत्या हे शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून उडत उंदीर व टोळ शोधतात आणि रात्री जमिनीवरच, उंच गवतात उतरून मुक्काम करतात. त्यामुळे गवत जाळले किंवा खणले गेले, की त्यांचा निवारा थेट नाहीसा होतो. धाविक, चंडोल आणि पखुर्डी हे पक्षी तर अंडीच उघड्या जमिनीवर घालतात.

या प्रदेशातील पायपीट नवी नाही. कन्नड तालुक्यातील अंतूर किल्ल्याजवळ निजामशाहीच्या काळातील एक चौकोनी दगडी खांब असून, तेथून फुटणाऱ्या वाटा कोणकोणत्या गावांना जातात हे त्यावर फारसीत कोरलेले आहे. डोंगरातील वाटसरूंसाठी चारशे वर्षांपूर्वी केलेली ही सोय आजच्या कोणत्याही दिशादर्शकाइतकीच मोलाची मानली पाहिजे. अंतूरच्या परिसरातील डोंगरांचा मोठा भाग १९८६ मध्ये घोषित झालेल्या, सुमारे २६० चौरस किलोमीटरच्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात समाविष्ट आहे आणि तेथे वनविभागाच्या परवानगीनेच जावे लागते. अभयारण्याबाहेरचे माळ मात्र बहुधा गायरान, म्हणजे गावाच्या गुरांसाठी राखलेली जमीन, म्हणून नोंदलेले असतात, आणि त्यांचे खरे जाणकार तेथे गुरे व मेंढ्या चारणारेच असतात. कोणते पाणवठे मार्चपर्यंत टिकतात आणि फुरशासारखा विषारी साप कोणत्या दगडांखाली सापडतो, हे कोणताही नकाशा सांगत नाही.

धोका सर्वाधिक आहे तो याच गायरानांना. हिरवळ वाढवण्याच्या सद्हेतूने माळावर सलग चर खणून गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे लावली, की मूळ गवत सावलीत मरते आणि चारा व पक्षी दोन्ही जातात. ही चूक महाराष्ट्रात अनेक टेकड्यांवर झालेली आहे आणि ती थांबवलीच पाहिजे. अशा वेळी ग्रामसभेपुढे ठेवता येईल असा पुरावा लागतो, आणि तो तयार करणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे. पक्ष्यांच्या नोंदी ‘ई-बर्ड’वर आणि वनस्पतींची छायाचित्रे ‘आयनॅचरलिस्ट’वर दिनांक व स्थानासह ठेवली, तर त्या कायम राहतात, आणि संकटग्रस्त जातींचे अचूक ठिकाण ही संकेतस्थळे बहुतांशी लपवतात. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने हवा कोरडी, गवत पिवळे आणि भोवत्या नुकतेच आलेले असतात. वाचकांनी या दिवसांत आपल्या गावाजवळचा एक माळ निवडावा, आधी त्याचा नकाशा वाचावा, मग तो पायी फिरावा आणि जे दिसले ते नोंदवून ठेवावे.