पेपर किती, की प्रश्न कोणता? मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांत चांगला संशोधक विद्यार्थी कसा ओळखतात

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या एका मैत्रिणीचा फेलोशिपचा अर्ज बिघडवला. मुद्दाम नाही. मदत करायला गेलो आणि बिघडवला.

ती समाजशास्त्रात पीएचडी करते, मी रसायनशास्त्रात. तिचा विषय ऊसतोड कामगार. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरतात. उचल त्या कोयत्यावर मिळते आणि मुकादमाचा व्यवहार बहुतेक वेळा नवऱ्याशीच होतो. तिचा प्रश्न साधा होता: राबतात दोघं, हिशेब एका कोयत्याचा, मग बाईची मजुरी दिसते कुठे? त्यासाठी ती दोन हंगाम कोप्यांवर जाऊन राहिली होती.

अर्जाच्या शेवटच्या रात्री मी तिला म्हणालो, “अगं, ही गोष्ट कोण वाचणार? पब्लिकेशन्स वर घे, फील्डवर्क एका ओळीत उरक.” तिने ऐकलं. मुलाखतीत समितीतल्या एका सरांनी विचारलं, “तिथे राहिल्यावर तुमचं आधीचं कोणतं मत बदललं?” ती दहा मिनिटं बोलली. सर म्हणाले, “मग हे अर्जात का नाही?” फेलोशिप मिळाली नाही. सगळा दोष माझा नसेल, पण ती ओळ मीच कापली होती.

तेव्हापासून मी हे समजून घेतोय. तुम्ही या शाखांत संशोधनाकडे वळणार असाल, तर माझी चूक तुम्ही करू नका.

माझी फूटपट्टी का चालली नाही?

आमच्या लॅबमध्ये एका पेपरवर पाच-सहा नावं असतात. उपकरण तयार असतं, प्रयोग वाटून घेतले जातात. त्यामुळे पीएचडी संपेपर्यंत तीन-चार पेपर होणं नवल नाही. इतिहासात किंवा समाजशास्त्रात काम बहुतेक वेळा एकट्याचं असतं आणि ते एका लांबलचक प्रबंधात उतरतं. मराठ्यांच्या इतिहासावर काम करणाऱ्याला पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद वाचायचे तर आधी मोडी शिकावी लागते. मोडी नीट वाचता येईपर्यंत जो काळ जातो, त्याचा सीव्हीत पेपर होत नाही. मोजणाऱ्याला तिथे शून्य दिसतं, जाणकाराला तयारी दिसते.

आपल्याकडचे नियमही बदललेत. यूजीसीच्या 2016च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी किमान एक पेपर आणि परिषदांत दोन सादरीकरणं सक्तीची होती. 2022च्या नियमांतून ती सक्ती गेली. सवय मात्र अजून गेलेली नाही, माझीसुद्धा गेली नव्हती.

ओळख नेमकी कुठे होते?

आपल्याकडे पहिली मोठी ओळख दारातच होते: नेट-जेआरएफ. तीन तास, 150 वस्तुनिष्ठ प्रश्न, 300 गुण. त्यातून विषयाचं वाचन कळतं. जेआरएफ मिळाली तर महिना 37,000 रुपये हातात येतात, म्हणजे घरी पैसे न मागता काम करता येतं. तिचं महत्त्व कमी नाही. पण पर्याय निवडणं वेगळं आणि प्रश्न तयार करणं वेगळं. दुसरी गोष्ट या परीक्षेत दिसू शकत नाही. ती दिसते संशोधन-प्रस्तावात आणि मुलाखतीत. उदाहरणार्थ, आयसीएसएसआरच्या डॉक्टरल फेलोशिपसाठी प्रस्ताव द्यावा लागतो.

अमेरिकेत शेवटच्या टप्प्यावरही ओळख होते. तिथल्या इतिहासकारांच्या संस्थेचं ॲलन नेव्हिन्स पारितोषिक अमेरिकी इतिहासावरच्या सर्वांत चांगल्या लिहिलेल्या प्रबंधाला मिळतं. ‘चांगल्या लिहिलेल्या’ हे शब्द लक्षात ठेवा. या शाखांत लिहिणं हे काम झाल्यावर चढवायचं वेष्टन नाही, ते कामाचाच भाग आहे.

उत्कृष्ट म्हणजे काय? एक उदाहरण

डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. मुख्य विषय अर्थशास्त्र. 9 मे 1916 रोजी, पंचविसाव्या वर्षी, त्यांनी मानववंशशास्त्राचे अभ्यासक गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये भारतातल्या जातींवर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. निवड समितीत बसलोय असं समजून त्याकडे बघा. तीन गोष्टी दिसतात.

1. प्रश्न आवळलेला आहे. ‘भारतातली जातिव्यवस्था’ असा अघळपघळ विषय नाही. जात टिकते कशी, तिची यंत्रणा काय, हे विचारलंय.
2. आधीच्या अभ्यासकांशी खरं भांडण आहे. सेनार, रिस्ले, केतकर यांनी जातीच्या व्याख्येत काय धरलं आणि त्यात काय अपुरं राहिलं, हे एकेक करून दाखवलंय. नुसती नावांची यादी नाही.
3. उत्तर पणाला लागलंय. जातीचं मर्म अंतर्विवाह, असं ते मांडतात. मग सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथा अंतर्विवाह टिकवायला कशा उपयोगी पडतात, ते उलगडतात. हे म्हणणं कुणी खोडू शकतो, म्हणूनच त्यात दम आहे.

यातली एकही गोष्ट पेपरच्या आकड्यात दिसत नाही. निबंध वाचावाच लागतो.

मग तुम्ही काय करायचं?

- प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदातच तुमचा प्रश्न येऊ द्या, आणि तो दुसऱ्या विषयाच्या माणसालाही कळला पाहिजे. समितीत तुमच्याच विषयाचे सगळे नसतात.
- फील्डवर रोज तारखेनिशी नोंद ठेवा. ‘आधी असं वाटत होतं, आता असं दिसतंय’ हे वेगळं लिहा. मुलाखतीत हेच कामी येतं.
- शिफारसपत्र मोठ्या पदावरच्या माणसाकडून घेण्यापेक्षा तुमचं लेखन वाचलेल्या शिक्षकांकडून घ्या. ‘विद्यार्थिनी मेहनती आहे’ या वाक्याने काही होत नाही. तुमच्या कामातली एखादी ठोस गोष्ट सांगणारं पत्र उपयोगी पडतं.
- भाषा, लिपी, दफ्तरं, गावं, मुलाखती, जे जे कमावलंय ते स्पष्ट लिहा. संकोच नको.
- पेपर असतील तर जरूर द्या. नसतील तर अर्ज बाद झाला असं समजू नका.

मैत्रिणीने यंदा पुन्हा अर्ज भरला. पहिलंच वाक्य कोयत्याचं आहे. पाठवण्याआधी तिने मला वाचायला दिला आणि म्हणाली, “फक्त शुद्धलेखन बघ हं.” मी तेवढंच बघितलं. निकाल अजून यायचाय.