मावळातली काळी सायकल: दुरुस्त करावी की नवी घ्यावी?

मावळातल्या अनेक घरांत पडवीच्या भिंतीला टेकून एक काळी सायकल उभी असते. सळयांचे ब्रेक, चामड्याची सीट आणि दुधाच्या कॅनच्या ओझ्याने वाकलेला कॅरिअर. 1978 साली पुणे–लोणावळा लोकल सुरू झाली आणि मळवली, कामशेत, वडगावचं दूध शहरात नेणं सोपं झालं, तरी वाडीपासून स्टेशनपर्यंतचा टप्पा सायकलवरच व्हायचा. पुढे मोटरसायकली आल्या आणि सायकल पडवीत गेली. आता घरातली तरुण मंडळी पुन्हा सायकलकडे वळताहेत आणि प्रश्न पडतो तो हा, की आजोबांचीच सायकल दुरुस्त करून घ्यावी की गिअरची नवी आणावी?

माझं मत आधीच सांगतो. चौकट शाबूत असेल तर जुनी सायकल जरूर दुरुस्त करावी आणि इंद्रायणीच्या खोऱ्यात चालवावी. बोरघाटासाठी मात्र नवीच घ्यावी.

या सायकलीचा आराखडा इंग्लंडमधला, शंभर वर्षांहून जुना. 28 इंची चाकं, पुढच्या चाकाला 32 तारा, मागच्याला 40, वजन वीस किलोच्या आसपास. स्वातंत्र्यापूर्वी रॅले, बीएसए, हर्क्युलिस बाहेरून येत. मग 1949 मध्ये मद्रासला टीआय सायकल्स उभी राहिली, 1951 मध्ये सोनिपतला अ‍ॅटलास, 1956 मध्ये लुधियानाला हिरो. या कारखान्यांनी मापं फारशी बदलली नाहीत. म्हणूनच पन्नास वर्षांच्या सायकलीलाही टायर, कॉटर पिन, छर्रे, ब्रेकचे रबर आजही मिळतात. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना 2020 मध्ये जागतिक सायकल दिनीच, 3 जूनला बंद पडला, तरी तिचे सुटे भाग मिळायचे थांबले नाहीत. अस्सल इंग्लिश रॅले असेल तर मात्र जपून. तिच्या पायडलच्या आसाच्या कपांना इंचाला 26 आटे असतात, इतर बहुतेक सायकलींना 24. दुसरा कप जोर लावून बसवला की चौकटीचेच आटे जातात.

दुकानात नेण्यापूर्वी चौकट स्वतः तपासावी. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि हे पाणी सायकलीत वरून उतरतं. सीटच्या दांड्याजवळून आत शिरलेलं पाणी नळीतून थेट पायडलच्या आसाशी साचतं आणि तिथे चौकट आतून गंजते. बाहेरचा काळा रंग चकचकीत असतो, पण खालून हातोडीने हलकेच ठोकलं की बोदा आवाज येतो. दुसरी जागा हँडलखालची, जिथे दोन्ही नळ्या पुढच्या नळीला मिळतात. तिथे रंगाला केसासारखी भेग दिसली तर रंग खरवडून पाहावाच. भेग नळीतच असेल तर त्या सायकलीवर पैसे घालू नयेत. सांधा सुटला असेल तर चिंता नको. या चौकटीचे सांधे मुळात पितळ वितळवूनच जोडलेले असतात आणि पितळी वेल्डिंग करणारा जाणता कारागीर तो पुन्हा जोडू शकतो. आजच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला तडा गेला तर गावात इलाज नाही. जुन्या सायकलीच्या बाजूने मला सर्वांत वजनदार वाटणारी गोष्ट हीच.

बाकी काम ओव्हरऑइलिंगचं. सगळं सुटं करायचं, रॉकेलने धुवायचं, छर्रे नवे घालायचे, चाकांचा आउट काढायचा. मूळ रंग आणि त्यावरची सोनेरी रेघ जमेल तितकी राखावी. पुन्हा रंगवलेली सायकल नवी दिसते, पण तिचं वय पुसलं जातं. सायकल जपणं म्हणजे काय ते पाहायचं असेल तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या संग्रहालयात जावं. दुसऱ्या महायुद्धातली, छत्रीधारी सैनिकांसाठीची घडीची बीएसए तिथे आहे.

आता घाट. खोपोली ते खंडाळा सुमारे पाचशे मीटरची चढण आहे. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी, म्हणून जुन्या महामार्गानेच जावं लागतं. मुंबई–पुणे सायकल शर्यत याच घाटातून जाते आणि चढण सर्वांत आधी पार करणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. काळ्या सायकलीला पुढे 44 आणि मागे 18 दात असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. गिअरची सायकल सर्वांत हलक्या गिअरवर दोन मीटरच्याही आत. चढावर हा फरक गुडघ्यांना सोसावा लागतो. पण मला खरी भीती उताराची वाटते. सळयांच्या ब्रेकचं रबर लोखंडी रिमवर घासतं आणि ओल्या क्रोमवर ते नुसतं घसरतं. जुलैच्या धुक्यात, ट्रकच्या रांगेत, ते ब्रेक घेऊन बोरघाट उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. डिस्क ब्रेक ओल्यातही धरतात. इथे नव्या सायकलीला पर्याय नाही.

नवी घेताना पावसाळ्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. मडगार्ड बसवायला भोकं आहेत का आणि कॅरिअर लागतो का. भातखाचरांतल्या चिखलात मडगार्डाशिवाय सायकल चालवणाऱ्याची पाठ आणि चेन दोन्ही भरून निघतात. पुढे झटके शोषणारा स्वस्त काटा टाळावा. तो वजन वाढवतो आणि पाण्याने लवकर गंजून अडकतो.

जुनीवर जीव असेल आणि वाटेत लहानसहान चढ असतील तर कमी खर्चाची सोय आहे. मागे 18 ऐवजी 22 दातांचं फ्रीव्हील बसवून चेन थोडी वाढवायची. एका फेऱ्याला साडेपाचऐवजी साडेचार मीटर पडतात. मळवलीहून कार्ल्याच्या पायथ्यापर्यंत, वडगावहून तळेगावच्या बाजाराला एवढ्यात निभतं. पवनेकडे जाताना दुधिवरे खिंडीत उतरून सायकल हातात धरून चालावं लागेल. दूधवाले चढावर तेच करत.