गुठळी निघते, पण रुग्ण वेळेवर पोहोचतो काय?

मेंदूच्या धमनीत अडकलेली रक्ताची गुठळी कवटी न उघडता बाहेर काढता येते, हे आता वैद्यकशास्त्रातील नवल राहिलेले नाही. जांघेतील धमनीत शिरविलेली लांब, लवचीक नळी छातीतून मानेत आणि तेथून मेंदूपर्यंत चढवितात. तिचा मार्ग क्ष-किरणांच्या पडद्यावर दिसत असतो. नळीतून सोडलेली बारीक तारांची जाळी गुठळीत उमलते, गुठळी तिच्यात गुंतते आणि जाळीबरोबर ओढून घेतली जाते. दुसऱ्या पद्धतीत नळीच गुठळी शोषून घेते.

या कल्पनेचे मूळ मोठे साधे आहे. हातापायांच्या धमन्यांतील गुठळ्या काढण्यासाठी टॉमस फोगार्टी या अमेरिकन तरुणाने रबरी हातमोज्याच्या बोटाचा तुकडा नळीच्या टोकाला बांधून फुगा तयार केला. गळाला खोटी माशी बांधण्याचे मासेमाराचे कसब येथे त्याच्या कामी आले! हा फुगा १९६१ मध्ये प्रथम रुग्णावर वापरला गेला. मेंदूच्या नाजूक वाहिन्यांसाठी योग्य साधन मिळण्यास पुढे चार दशके लागली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच चाचण्यांनी शंका फिटली. त्यांच्या एकत्रित निष्कर्षानुसार, मोठी धमनी बंद झालेल्या शंभर रुग्णांपैकी केवळ औषधांवर सुमारे सव्वीस तीन महिन्यांनी स्वतःचे व्यवहार स्वतः करू शकत होते. गुठळी काढल्यावर ही संख्या शेहेचाळीसवर गेली.

तथापि हा लाभ घड्याळाशी बांधलेला आहे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. जाळीचा उपाय सहा तासांपर्यंत, आणि मेंदूचा पुरेसा भाग जिवंत असल्याचे चित्रणात दिसल्यास चोवीस तासांपर्यंत करता येतो. पण चोवीस तास आहेत म्हणून सावकाश निघावे, असा त्याचा अर्थ नव्हे. रक्त तुटलेला मेंदू मिनिटागणिक मरत असतो.

आता सुरगाण्याचा विचार करावा. तेथील एखाद्या पाड्यावरील शेतकऱ्याचे तोंड पहाटे वाकडे झाले, हात उचलेनासा झाला, शब्द फुटेनासा झाला; नाशिक सुमारे नव्वद किलोमीटर दूर, वाट डोंगराळ. रस्त्याच्याही आधी वेळ जातो तो घरात. लकवा म्हणजे तेल चोळण्याचा आजार, ही समजूत खेड्यातच आहे असे नव्हे, शहरातील सुशिक्षित घरांतही ती टिकून आहे. शिवाय पक्षाघात गुठळीने झाला की रक्तस्रावाने, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. दोहोंचे उपचार परस्परविरुद्ध असल्याने घरच्या घरी रक्त पातळ करणारी गोळी देणे घातक ठरू शकते. डॉक्टरांना हवी असते ती एकच माहिती: रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला? ती सांगणारा माणूस रुग्णाबरोबर गेलाच पाहिजे.

साधनाची किंमत हा दुसरा अडसर. भारतीय रुग्णांवर चाचणी झालेल्या ‘सुपरनोव्हा’ या जाळीला २०२५ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु जाळी स्वस्त झाली तरी ती चालविणारे प्रशिक्षित हात स्वस्त होत नाहीत, आणि ते तालुक्याच्या गावी बसविताही येणार नाहीत. म्हणून साखळी हवी: १०८ च्या गाडीतील डॉक्टरने लक्षणे ओळखावीत, वाटेवरच्या सर्वांत जवळच्या यंत्रावर स्कॅन व्हावा, इंजेक्शन तेथेच सुरू व्हावे, आणि चित्रे दूरध्वनीवरून पुढे जाऊन गाडी पोहोचण्यापूर्वी नाशिकची शस्त्रक्रिया-खोली सज्ज असावी.

राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे. पेठ, सुरगाणा, कळवण, इगतपुरी येथून निघालेल्या पक्षाघाताच्या रुग्णाला नाशिकच्या उपचार-टेबलावर येईपर्यंत किती वेळ लागतो आणि तो कोठे वाया जातो, याची नोंद वर्षभर ठेवण्याचे काम त्याने जिल्हा रुग्णालयाच्या साहाय्याने हाती घ्यावे. त्यासाठी नव्या इमारतीची गरज नाही. एक नोंदवही आणि ती रोज भरणारा कारकून पुरे.