विहिरींतून समुद्रांत

दौंड तालुक्यांतील कासुर्डी हें पुणें-सोलापूर रस्त्यावरचें गांव. प्रदेश पर्जन्यछायेचा. येथें पडणारा पाऊस, पश्चिम समुद्र जवळ असूनहि त्याच्याकडे पाठ फिरवून, भीमेंतून व पुढें कृष्णेंतून बंगालच्या उपसागरास जातो. म्हणून येथील मुलांना पाण्याची ओळख नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. या बाजूच्या गांवांतील मुलें कमरेला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरींत उतरतात आणि भोपळा सुटला कीं काठावरून मुटके मारूं लागतात. दम कोणाचा मोठा, याचा निकाल तळची माती मुठींत आणून लावावयाचा, ही तेथील रीत.

अशा तरुणांची एखादी टोळी सुटींत मालवणास शिडाच्या होडींतून हिंडावयास व समुद्रांत बुडी मारावयास निघते, तेव्हां तिची शिदोरी ही विहिरीची विद्याच असते. ती पुष्कळ ठिकाणीं कामास येते. एका ठिकाणीं मात्र तीच जिवावर बेतूं शकते.

मालवणास प्रथम ओळख करून घ्यावी लागते ती वाऱ्याची. दिवसां जमीन पाण्यापेक्षां लवकर तापते आणि समुद्रावरचा गार वारा किनाऱ्याकडे धांवतो. रात्रीं हा व्यवहार उलटतो. जमिनीवरून सुटणाऱ्या त्या वाऱ्यास कोंकणांत मतलई म्हणतात. पहांटे मतलईवर बाहेर पडावें व दुपारच्या वाऱ्यावर परतावें, हा शिडाच्या होड्यांचा जुना क्रम. पण वारा समोरून आला तर? होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊं शकत नाहीं. ती सुमारें ४५ अंशांचा कोन धरून एकदां उजवीकडे, एकदां डावीकडे अशी चालते. घाटाचा रस्ता चढ टाळीत वळणें घेतो तसाच हा प्रकार. फुगलेलें शीड होडीला पुढें ओढतें तसें आडवेंहि ढकलतें. तो आडवा रेटा पाण्याखालचा कणा अडवून धरतो. कांठावर बसून हें ऐकणें सोपें आहे. शिडाची दोरी हातीं आली म्हणजे तिचा अर्थ तळहाताला कळतो.

मालवणासमोर सिंधुदुर्ग उभा आहे. १६६४ सालीं त्याचें बांधकाम सुरू झालें. त्याच्या भोंवतालच्या खडकाळ पाण्यांत पोवळ्यांच्या वसाहती आहेत, आणि १९८७ सालीं हा भाग सागरी अभयारण्य म्हणून राखून ठेवण्यांत आला. तळची माती मुठींत आणण्याची विहिरीची रीत येथें चालावयाची नाहीं. पोवळ्यास नुसता हात लागला तरी त्याची हानि होते. जवळच तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची पाणबुड्यांना शिक्षण देणारी संस्था आहे.

समुद्राचें पाणी क्षारामुळें जड असतें, त्यामुळें विहिरींत सहज तळ गांठणारा येथें तरंगूं लागतो. म्हणून कमरेला शिशाचीं वजनें बांधतात. चष्म्यांतून मासा आहे त्याहून मोठा व जवळ दिसतो. कान मात्र दोन मीटरांच्या आंतच दुखूं लागतात. मग नाक चिमटींत धरून हळूच फुंकर मारली कीं कानांतील दाब बाहेरच्या दाबाशीं जुळतो. सर्दी झालेल्यास हें साधत नाहीं, आणि त्यानें भिडेखातर पाण्यांत उतरूं नये.

आतां तें जिवावरचें ठिकाण. विहिरींत बुडी मारणारा वरची हवा छातींत भरून जातो. ती खालीं आकसते व वर येतांना पूर्वींइतकी होते. त्याहून अधिक कधींच नाहीं. पाठीवर हवेची टाकी असली म्हणजे हिशेब बदलतो. १९४३ सालीं फ्रान्समध्यें कूस्तो व गान्यां यांनीं जी झडप सिद्ध केली, ती पाणबुड्यास सभोंवारच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाची हवा पुरविते. समुद्रांत दर १० मीटरांस एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे १० मीटरांवर छातींत भरलेली हवा पृष्ठभागीं येतांना दुप्पट होऊं पाहते. अशा वेळीं कोणी घाबरून, विहिरींतल्या संवयीप्रमाणें दम कोंडून वर झेपावला, तर फुप्फुस फाटूं शकतें आणि हवेचे बुडबुडे रक्तांतून मेंदूपर्यंत जातात. दीड-दोन मीटरांची खोलीहि या अपघातास पुरते. म्हणून पहिला नियम असा कीं, पाण्याखालीं श्वास कधींच रोखावयाचा नाहीं आणि वर यावयाचें तें सावकाश. ज्याला पोहतां येत नाहीं तो शिक्षकाचें निमूटपणें ऐकतो. पट्टीचा पोहणारा स्वतःच्या दमावर विसंबतो. गांवच्या विहिरीचा गडी येथें अधिक जपला पाहिजे तो यासाठींच.

परतीचा बेतहि आधींच ठरवावा. दाबाखालीं श्वासाबरोबर घेतलेला नायट्रोजन रक्तांत व मांसांत विरघळतो आणि बाहेर पडावयास कांहीं तास घेतो. आंबोलीचा घाट सुमारें ७०० मीटर उंच आहे. तितक्या उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि राहिलेल्या नायट्रोजनाचे बुडबुडे होण्याचा संभव वाढतो. उथळ पाण्यांतील एखाद्या बुडीनंतर हें भय अल्प असतें. अनेक बुड्या झाल्या असल्यास १८ तासांचा अवकाश ठेवणें बरें. कासुर्डीच्या वाटेस लागणाऱ्या टोळीनें ती रात्र मालवणांतच काढावी, आणि सकाळीं गाडी घाटाकडे वळवावी.