विश्लेषण : अहवालाचा संदर्भ चुकला, तर काय बिघडते?

प्रबंध असो, शोधनिबंध असो की पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा प्रकल्प, सरकारी आणि संस्थांच्या अहवालांशिवाय त्याचे पान हलत नाही. पण ‘एका अहवालानुसार’ एवढे लिहून पुढे जाण्याची सवय महागात पडू शकते. जगातील सर्वांत नामांकित वैज्ञानिक मंडळींनाही तिचा फटका बसला आहे. अहवालाचा संदर्भ नेमका कसा द्यावा, कुठे चुका होतात आणि नियम काय सांगतात, याविषयी…

२०३५ सालाचा घोळ काय होता?

हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरसरकारी समितीचा, म्हणजेच आयपीसीसीचा चौथा मूल्यमापन अहवाल २००७ मध्ये आला. त्याच्या दुसऱ्या कार्यगटाच्या ९३८ पानी खंडात एक परिच्छेद होता. तापमानवाढ याच वेगाने सुरू राहिली तर हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत किंवा त्याआधीच नाहीशा होण्याची शक्यता खूप मोठी आहे, असे त्यात म्हटले होते. आधार दिला होता डब्ल्यूडब्ल्यूएफ या संस्थेच्या २००५ मधील अहवालाचा. त्या अहवालाने हे साल घेतले होते ‘न्यू सायंटिस्ट’ या नियतकालिकातील १९९९ च्या एका बातमीवजा लेखातून. त्यामागे तज्ज्ञांनी तपासलेला कोणताही शोधनिबंध नव्हता. दुसरीकडे, युनेस्कोने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अहवालात ध्रुवीय प्रदेशांबाहेरील हिमाच्छादन मोठ्या प्रमाणात घटण्याचे साल २३५० असे दिले होते. आकड्यांची अदलाबदल होऊन त्याचेच २०३५ झाले असावे, असा अंदाज नंतर व्यक्त झाला.

अखेर २० जानेवारी २०१० रोजी आयपीसीसीने खेद व्यक्त केला. पुराव्याचे आपलेच निकष या परिच्छेदाला नीट लावले गेले नाहीत, अशी कबुली दिली. हिमनद्या आक्रसत आहेत हा मूळ निष्कर्ष कायम राहिला. पण एका परिच्छेदामुळे संपूर्ण अहवालावर शंका घेण्याची संधी टीकाकारांना मिळाली. मूळ स्रोत उघडून पाहिला असता, तर ही वेळ आली नसती.

अहवाल आणि शोधनिबंध यांत फरक काय?

नियतकालिकातील शोधनिबंध सहसा छापण्यापूर्वी त्या विषयातील अन्य तज्ज्ञ तपासतात. त्याला लेखक, खंड, अंक, पृष्ठे अशी ठरावीक ओळख असते. अहवालाचे तसे नसते. तो मंत्रालयाचा, आयोगाचा, बँकेचा किंवा स्वयंसेवी संस्थेचा असू शकतो. काही अहवालांची कठोर छाननी होते, काहींची होत नाही. एकाच अहवालाच्या मसुदा, अंतरिम आणि अंतिम अशा अनेक आवृत्त्याही निघतात. म्हणून अहवाल वापरताना तो कुणी, कोणासाठी, कोणत्या पद्धतीने तयार केला, हे वाचकाला कळेल असा संदर्भ द्यावा लागतो.

लेखक कोणाला म्हणायचे? वर्ष कोणते लिहायचे?

अहवालावर व्यक्तीचे नाव लेखक म्हणून छापलेले असेल, तर ते द्यावे. नसेल तर तो तयार करणारी संस्थाच लेखक ठरते. एपीए शैलीच्या सध्याच्या सातव्या आवृत्तीत क्रम असा आहे : लेखक किंवा संस्था, प्रकाशनाचे वर्ष, अहवालाचे पूर्ण शीर्षक, असल्यास अहवाल क्रमांक, प्रकाशक आणि शेवटी दुवा. लेखक आणि प्रकाशक एकच संस्था असेल, तर तिचे नाव दुसऱ्यांदा लिहायचे नाही.

वर्षाच्या बाबतीत गफलत हमखास होते. चौथे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झाले, त्याचा अहवाल मात्र मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि आयसीएफ यांच्या नावाने २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे संदर्भात वर्ष २०१७ येते आणि २०१५-१६ हा शीर्षकाचा भाग राहतो. मजकुरात मात्र आकडेवारी २०१५-१६ ची आहे, असेच लिहायला हवे.

आवृत्तीचेही तसेच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या तात्पुरत्या आकडेवारीनुसार ११,२३,७२,९७२ होती, अंतिम आकडेवारीनुसार ११,२३,७४,३३३. फरक १,३६१ चा. तो लहान असला, तरी एका प्रकरणात एक आणि दुसऱ्या प्रकरणात दुसरा आकडा आला, की तोंडी परीक्षेत प्रश्न ठरलेला.

‘गाडगीळ समिती’ एवढेच लिहिणे पुरेसे का नाही?

बातमीत ते चालते, संदर्भसूचीत नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीचे अधिकृत नाव पश्चिम घाट परिसरशास्त्र तज्ज्ञ समिती. तिने २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण आणि वन मंत्रालयाला अहवाल दिला. त्यानंतर के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय कार्यगटाचा अहवाल २०१३ मध्ये आला. ग्रंथालयाच्या सूचीत किंवा मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोध घ्यायचा, तर ही अधिकृत नावेच उपयोगी पडतात. मजकुरात पहिल्यांदा उल्लेख करताना अधिकृत नाव द्यावे, पुढे प्रचलित नाव वापरावे.

दोन्ही अहवालांची सरमिसळ झाली तर निष्कर्षच बदलतो. गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचे क्षेत्र १,२९,०३७ चौरस किलोमीटर धरले आणि संवेदनशीलतेनुसार त्याचे तीन स्तर सुचवले. कस्तुरीरंगन कार्यगटाने क्षेत्र १,६४,२८० चौरस किलोमीटर धरले आणि त्यातील सुमारे ३७ टक्के, म्हणजे जवळपास ६० हजार चौरस किलोमीटर भाग संवेदनशील ठरवण्याची शिफारस केली. एखाद्याने दुसऱ्या अहवालातील ३७ टक्के पहिल्या अहवालातील क्षेत्राला लावले, तर उत्तर सुमारे ४८ हजार येते. हा १२ हजार चौरस किलोमीटरचा फरक रत्नागिरी जिल्ह्याच्या क्षेत्रफळापेक्षा जास्त आहे. अहवालाचे नाव आणि पान क्रमांक दिला असेल, तर अशी चूक मार्गदर्शकाच्या पहिल्याच वाचनात सापडते.

न वाचलेल्या अहवालाचा दाखला द्यावा का?

शक्यतो नाही. एखाद्या पुस्तकात किंवा लेखात अहवालातील आकडा दिसला, तर आधी मूळ अहवाल शोधावा, आकडा तिथे आहे का ते पाहावे आणि मगच मूळ अहवालाचा संदर्भ द्यावा. मूळ अहवाल मिळालाच नाही, तर मजकुरात ‘अमुक अहवाल, तमुक पुस्तकात उद्धृत’ असे स्पष्ट लिहावे आणि सूचीत प्रत्यक्ष वाचलेले पुस्तकच नोंदवावे. वर्तमानपत्रातील बातमीतून आकडा घेतला असेल, तर संदर्भ बातमीचा. कृत्रिम प्रज्ञेच्या साधनांनी पुरवलेले संदर्भ तर एकेक उघडून पाहिल्याशिवाय घेऊच नयेत. अस्तित्वातच नसलेले अहवाल ही साधने अगदी खऱ्यासारखे मांडून देतात.

नियम काय सांगतात?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमावलीनुसार प्रबंधातील १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यासाठी शिक्षा नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांसाठी सुधारित प्रबंध सादर करण्यास एक वर्षाची बंदी आहे, तर ६० टक्क्यांच्या पुढे नोंदणी रद्द होते. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळली जातात. म्हणजे नीट दिलेला संदर्भ विद्यार्थ्याच्या बाजूनेच उभा राहतो.

मात्र साम्य मोजणारी संगणक प्रणाली फक्त शब्दांची जुळणी पाहते. आकडा त्या अहवालात खरोखर आहे की नाही, हे ती सांगत नाही. साम्य पाच टक्के आणि संदर्भ चुकीचा, असा प्रबंधही तिच्या चाळणीतून सहज सुटतो. २०३५ ची चूकही शब्दांच्या चोरीची नव्हती. तिथे संदर्भ दिलेला होता, पण तो ज्या अहवालाकडे बोट दाखवत होता, त्याच्याही हाती पुरावा नव्हता. म्हणूनच प्रबंध सादर करण्याआधी संदर्भसूचीतील प्रत्येक अहवाल एकदा उघडून, त्या पानावर तो आकडा बोट ठेवून पाहणे, हे शेवटचे काम विद्यार्थ्यालाच करावे लागते.