सामायिक कोठार आणि लॅपटॉपची स्मृति

एकत्र कुटुंबांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांस कोठाराचें महत्त्व सांगावयास नको. सणावारासाठीं कांहीं धान्य आधींच बाजूस काढावयाचें व उरलेल्यांतून ज्यास जसें लागेल तसें द्यावयाचें, ही जुन्या गृहिणींची रीत. हीच रीत लॅपटॉपच्या पोटांतहि चालते, हें आम्हांस साठी उलटल्यावर कळलें. आणि तेंहि थोडी फजिती झाल्यावर!

सोलापुराहून पुण्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, मोहोळ तालुक्यांत, चिंचोळीची औद्योगिक वसाहत आहे. तेथील एका कारखान्यांत आमचा पुतण्या यंत्रांच्या सुट्या भागांचे आराखडे काढतो. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं स्वतःचा लॅपटॉप घेऊन माजघरांत बसावयाचें, हा त्याचा क्रम. कारखान्यानें त्रिमितीय आराखड्यांची नवी प्रणाली घेतली. ती ह्याच्या यंत्रावर उघडतांच सूचना झळकली कीं, चित्रासाठीं निदान ५१२ एमबी राखीव स्मृति हवी. येथें आहे ती १२८. दुकानदारानें ऐकून घेतलें व सरळ नवें यंत्र घ्यावयास सांगितलें. तेवढी रक्कम घरांत एकच होती. धाकट्या पुतणीच्या अभियांत्रिकीच्या शुल्काकरितां ठेविलेली. पोर म्हणाली, "दादा, माझें एक वर्ष थांबलें तरी चालेल." तें ऐकून आम्हांस स्वस्थ बसवेना. या १२८ चें गौडबंगाल काय आहे तें पाहावयाचेंच, असें आम्हीं ठरविलें.

पडद्यावर चित्र उमटविण्याचें काम करणारा भाग दोन प्रकारचा असतो. एकाचें बिऱ्हाड वेगळें, म्हणजे त्याची स्मृति त्याच्यापाशींच. त्यास स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड म्हणतात. दुसरा मुख्य प्रोसेसरच्याच घरांत राहतो. त्यास स्वतःचें धान्य नाहीं. तो घरच्या कोठारांतून, म्हणजे रॅममधून, उचल करतो. ही उचल गरजेप्रमाणें कमीजास्त करण्याची योजना इंटेल कंपनीनें १९९९ सालीं आपल्या ८१० या चिपसेटबरोबर आणली.

या उचलीचे दोन भाग असतात. यंत्र सुरू होतांच जो वांटा चित्रासाठीं कुलूपबंद होतो, तो राखीव. बाकीचा मागणीप्रमाणें मिळतो व काम झाल्यावर परत जातो. विंडोजमध्यें हा दुसरा वांटा सामान्यतः एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत जातो. म्हणजे पुतण्याच्या ८ जीबीच्या यंत्रांत ४ जीबीच्या आसपास सोय होतीच. सूचना रडत होती ती केवळ राखीव आंकड्यासाठीं. १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्याचें एक चित्र, ठिपक्यास ४ बाइट धरले तर, ८२,९४,४०० बाइटांत बसतें. १२८ एमबीमध्यें अशीं सोळा चित्रें मावतात. त्रिमितीय आराखड्यास मात्र पृष्ठभाग, छाया वगैरे सांभाळावें लागतें. म्हणून त्याची भूक मोठी.

राखीव वांटा बदलावयाचा तो बायॉसमध्यें. यंत्र सुरू होतांना एफ-२ अथवा डिलीट अशी एखादी कळ दाबली कीं तें पान उघडतें. कळ कोणती, तें यंत्राच्या पुस्तिकेंत असतें. तेथें 'यूएमए फ्रेम बफर साइझ' किंवा 'डीव्हीएमटी प्री-अलोकेटेड' असें कलम शोधावें. पुष्कळ लॅपटॉपांत तें कंपनीनें दिलेलेंच नसतें. मग त्या वाटेस जाऊं नये. रजिस्ट्रींत आंकडा वाढविण्याची एक युक्ति सांगतात, पण तीनें केवळ दाखविलेला आंकडा बदलतो. वहींत खंडीभर लिहिल्यानें कणगींत पायलीभरहि भर पडत नाहीं!

आमच्या सुदैवानें कलम सांपडलें. पुतण्या म्हणाला, "काका, ५१२ करूं." आम्ही पडलों उदार. "भरपूर घे," म्हणून २ जीबी करावयास लाविलें. सूचना नाहींशी झाली आणि घरांत पेढे वांटले गेले. परंतु दुसऱ्या रात्रीं आराखडा, कारखान्याची पत्रें व दूरची बैठक हीं तिन्ही कामें एकदम उघडतांच यंत्र कण्हूं लागलें व शेवटीं गोठलें. तासाभराचें काम बुडालें. पुतण्या चकार शब्द बोलला नाहीं. पण त्याचा चेहरा पाहून आम्हीं मान खालीं घातली.

कारण उघड होतें. चित्राच्या नांवानें २ जीबी कोंडून ठेविल्यावर इतर कामांस ६ च उरले. ते अपुरे पडतांच विंडोज रॅममधील माल डिस्कवर नेऊं-आणूं लागतें. आणि डिस्क रॅमपेक्षां फार मंद. एकाचें ताट वाढतांना दुसऱ्यांचीं रिकामीं झालीं, तीं आम्हीं पाहिलीं नव्हतीं.

मग राखीव वांटा मागितला तेवढाच, ५१२ वर आणला. यंत्रांत रॅमची एक जागा रिकामी होती. तेथें जाणत्या कारागिराकडून त्याच जातीची ८ जीबीची दुसरी पट्टी बसविली. हिचा लाभ दुहेरी. कोठार तर वाढलेंच. शिवाय दोन पट्ट्या असल्या कीं माल दोन दारांनीं येतो. डीडीआर-४, ३२०० जातीची एक पट्टी सेकंदास जास्तींत जास्त २५.६ जीबी देते, तर दोन मिळून ५१.२. ज्याला स्वतःचें धान्य नाहीं, त्या ग्राफिक्सला तर हें दुसरें दार फारच उपकारक. कांहीं लॅपटॉपांत रॅम कायमची डांकलेली असते व रिकामी जागा नसते. तेव्हां आधीं चौकशी करावी. २०२५ सालीं इंटेलनें कोअर अल्ट्रा प्रोसेसरांसाठीं सामायिक वांट्याची मर्यादा खिडकींतूनच बदलण्याची सोय दिली. जुन्या यंत्रांस ती लागू नाहीं.

पट्टीचा खर्च पुतण्याच्या पगारांतून भागला. शुल्काच्या रकमेस कोणीं हात लाविला नाहीं, व पुतणी वेळेवर महाविद्यालयांत गेली. आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या घरीं अशी सूचना झळकली, तर त्यांनीं नव्या यंत्राची किंमत विचारण्यापूर्वीं आपल्या कोठारांत किती आहे, राखीव किती आहे व दुसरी पट्टी बसते कीं नाहीं, एवढें पाहावें. आणि वांटा वाढवितांना, मागितला असेल तितकाच वाढवावा.